दार वाजवल्याशिवाय आत जाऊ नका!

वृद्धाश्रमांचे विश्वस्त, व्यवस्थापक, तिथे राबणाऱ्या मावशी-मामा आणि आई-वडिलांना तिथे ठेवणाऱ्या मुलामुलींनो,

आश्रमाच्या बाकावर एक आजी आणि एक आजोबा हातात हात घेऊन बसले, की कुजबुज सुरू होते : ‘म्हातारचळ लागलाय’, ‘या वयात शोभतं का?’ मग जेवणाच्या पंगतीत त्यांच्या जागा बदलतात आणि मुलाला फोन जातो. त्या दोघांना मात्र कुणी काही विचारत नाही. हे आत्ताच थांबलं पाहिजे. ऐंशीतल्या माणसाला ‘पुढे बघू’ सांगता येत नाही.

स्पर्शाची ओढ वयाबरोबर संपत नाही. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत 75 ते 85 वयाच्या सुमारे एक चतुर्थांश लोकांनी लैंगिक संबंध चालू असल्याचं सांगितलं. शिरोळ तालुक्यातल्या घोसरवाडच्या वृद्धाश्रमात 2023 मध्ये पंचाहत्तरीच्या आजोबांनी सत्तरीच्या आजींशी लग्न केलं.

दोष एकट्या कर्मचाऱ्यांचा नाही. त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. डिमेन्शिया झालेले आजोबा कपडे काढू लागले, की ‘चाळे’ म्हणून ओरडा बसतो. खरं तर कधी उकडत असतं, कधी लघवीची घाई असते, कधी आजाराने संकोचच उरलेला नसतो. पण कुणी मावशींच्या अंगचटीला गेलं, तर ‘म्हातारा माणूस, सोडून द्या’ हेही चालणार नाही. मावशींची तक्रार ऐकलीच पाहिजे.

1 ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनी शाल-श्रीफळ देण्याआधी प्रत्येक आश्रमाने एवढं करावं :

• दार वाजवावं, ‘या’ म्हटल्यावरच आत जावं.
• नवरा-बायकोला एकच खोली द्यावी.
• दोघांच्या राजीखुशीची गोष्ट त्यांना विचारल्याशिवाय घरी कळवू नये.
• स्मृती ढळलेल्यांचा होकार खरा आहे का, हे डॉक्टरांच्या मदतीने पाहावं. जबरदस्ती दिसताच संरक्षण द्यावं.
• हे नियम लिहून काढावेत आणि सर्वांना शिकवावेत. न्यूयॉर्कच्या ‘हिब्रू होम’ या वृद्धाश्रमाने असे लेखी नियम 1995 मध्येच केले.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितलं. वृद्धाश्रमात नाव नोंदवल्याने तो हक्क जात नाही.

मुलामुलींनो, आश्रमातून फोन आला तर संतापण्याआधी विचारा : ‘आई, तुला हे मनापासून हवंय ना?’ ती हो म्हणाली, तर तिच्या बाजूने उभे राहा. आणि पुढच्या भेटीत व्यवस्थापकांकडे लेखी नियम मागा. नसतील, तर ते होईपर्यंत मागत राहा.