काकू सापडली!

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात दोन वस्तू हमखास हरवतात. एक आकाशकंदिलाची वायर आणि दुसरा माझा चष्मा. यंदा मात्र आमच्या घरातून चक्क एक बाई हरवली. आणि ती बाई म्हणजे माझी सख्खी काकू! वाचकहो, घाबरू नका. काकू आपल्या गावी, शिरड शहापूरला, ओसरीवर सुखरूप बसलेली होती. ती हरवली होती आमच्या संगणकात.

आधी गावाची ओळख करून देतो. पुण्यात मी गावाचे नाव सांगितले की समोरचा मनुष्य "वा! साईबाबांचे गाव!" म्हणून हात जोडतो. बाबा रे, ते शिर्डी, आमचे शिरड. बरे, नुसते शहापूर म्हणावे तर कोणी मला ठाणे जिल्ह्यात नेऊन सोडतो, कोणी थेट बेळगावात. आमचे शिरड शहापूर औंढा नागनाथ तालुक्यातले. मल्लिनाथाच्या दर्शनाला जैन मंडळी तेथे लांबलांबून येतात. हे गाव पूर्वी परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि ते हिंगोलीत गेले. ही जिल्ह्याची गोष्ट तेवढी लक्षात असू द्या. पुढे तिच्याशी काम आहे.

तर सांगायचे म्हणजे, आमच्या धाकट्या मुलीचे लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरले आहे. पूर्वी लग्नाची यादी वहीत असे आणि वही सौभाग्यवतींच्या उशाखाली असे. आता यादी ऑनलाइन स्प्रेडशीटमध्ये असते. मुलगा बंगळूरला बसून नावे लिहितो, ती पुण्यात आमच्या डोळ्यांदेखत उमटतात. मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्यांना फोन करून मग पत्रिका धाडण्याचे काम माझ्याकडे आले. पहिला फोन कोणाला करायचा याचा विचारही करावा लागला नाही. माझी आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. त्यानंतर मॅट्रिक होईपर्यंत मी काकूच्या हातचे जेवलो. तिचा नंबर घ्यायला मी यादी उघडली.

मुलाने फोनवर सांगून ठेवले होते, "बाबा, काही अडले तर आल्ट दाबून धरा आणि तिरकी रेघ दाबा. एक चौकट उघडेल. तीत हवी ती आज्ञा लिहा, शीट ती शोधून देईल." मी आल्ट दाबले, रेघ दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. काही नाही. दहाव्या खेपेला माझा रक्तदाब तेवढा वाढला.

मग कंट्रोल आणि एफ दाबले. एक चिमुकली चौकट उघडली. मी तीत व्यवस्थित, पाकिटावर लिहावे तसे लिहिले : 'शिरड शहापूर, जि. हिंगोली.' उत्तर आले, शून्य. काकू यादीत नाही!

आता खरे तर मी एक ग्लास पाणी पिऊन पुन्हा पाहायला हवे होते. पण मी बंगळूरला फोन लावला.

"तुझ्या ऑफिसातले चाळीस साहेब यादीत आहेत," मी म्हणालो, "आणि जिच्यामुळे तुझा बाप शिकला, ती नाही! तुमच्या पिढीला नातीच नकोत."

"बाबा, काकूआजींचे नाव मी सगळ्यांत आधी लिहिले आहे."

"मग काय यंत्र खोटे बोलते?"

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग तो "ठेवतो" एवढेच म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. रात्री पानावर कोणी बोलले नाही. भाजीत मीठ कमी होते, तेही मी बोललो नाही. आवराआवर करताना सौ. मात्र म्हणाल्या, "यंत्रावर विश्वास ठेवलात, पोरावर नाही." मला त्या रात्री झोप लागली नाही.

सूनबाई खरेदीसाठी आठवडाभर आधीच पुण्याला आली होती. सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवून ती संगणकापाशी बसली. "बाबा, काल नेमके काय काय दाबलेत, ते ओळीने सांगा." डॉक्टरने काय काय खाल्ले ते विचारावे, तसेच.

मी रेघेपासून सुरुवात केली. तिने पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिले आणि ती हसली. "नावे लिहायला तुम्ही मराठी कळफलक चालू केला होता ना? तो तसाच आहे." आमचा कळफलक इनस्क्रिप्ट. त्यात इंग्रजीतल्या तिरक्या रेघेच्या जागी 'य' बसतो. मी दहा वेळा रेघ समजून 'य'वर बोट आपटत होतो! कळफलकाची भाषा बदलली की अशा खुणांचे शॉर्टकट अडू शकतात. तिने विंडोजचे बटण धरून स्पेस दाबले, भाषा इंग्रजी झाली. आल्ट आणि रेघ दाबताच चौकट हजर! आणि समजा शॉर्टकट अडलाच, तरी रडत बसायचे कारण नाही. वरच्या 'एडिट' मेनूत 'फाइंड अँड रिप्लेस' असते. माउसने तेथे जावे.

"आता कंट्रोल-एफचे. तुम्ही कोणत्या पानावर होतात?" शीटच्या तळाशी पानांची नावे असतात, ती मी कधी पाहिलीच नव्हती. आमच्या यादीला तीन पाने : 'पुणे', 'बंगळूर' आणि 'मराठवाडा'. ती चिमुकली चौकट समोर उघडलेल्या पानापुरतेच शोधते. मी पुण्याच्या पानावर उभा राहून मराठवाड्यातल्या काकूला हाका मारीत होतो! सगळी पाने धुंडाळायची तर कंट्रोल आणि एच दाबावे. मोठी चौकट उघडते, तीत 'ऑल शीट्स' निवडावे. मात्र तिथेच 'रिप्लेस ऑल' नावाचे बटण असते, त्याच्या वाटेला जाऊ नये. चुकून दाबले गेलेच तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबावे, झालेले परत फिरते.

आणखी एक गंमत तिने दाखवली. बोट चुकून वरच्या पत्त्याच्या पट्टीत असताना कंट्रोल-एफ दाबले तर शीटचा शोध न उघडता ब्राउझरचा उघडतो. दोन्ही चौकटी दिसायला सारख्याच. पण ब्राउझरच्या शोधाला शीटच्या रकान्यांतले वाचता येईलच असे नाही. म्हणून आधी एखाद्या रकान्यावर टिचकी मारावी, मग शोधावे.

सूनबाईने कंट्रोल-एच दाबले, 'ऑल शीट्स' केले आणि माझाच पत्ता पुन्हा लिहिला. उत्तर पुन्हा शून्य! माझ्या मनात, खोटे कशाला बोलू, किंचित आनंद झाला. म्हणजे माझेच खरे होते तर!

"थांबा," ती म्हणाली. "यंत्राला अक्षरे कळतात, गाव कळत नाही. तुम्ही जसे लिहाल अगदी तसेच ते शोधणार." 'मॅच एन्टायर सेल कन्टेन्ट्स' या पर्यायापुढे खूण नाही ना, ते तिने पाहून घेतले. ती खूण असली की रकान्यातला सगळा मजकूर शब्दाला शब्द जुळावा लागतो. मग तिने लांबलचक पत्ता पुसला आणि तीनच अक्षरे लिहिली : 'शिरड'.

"बाबा, काकूआजी सापडल्या!"

मराठवाड्याच्या पानावर, अगदी पहिल्या ओळीत. मुलाने लिहिले होते, 'शिरडशहापुर, जि. परभणी.' दोन शब्द जोडलेले, 'पु' ऱ्हस्व आणि जिल्हा जुना. त्याने पत्ता उतरवला होता माझ्याच जुन्या डायरीतून. १९९९ च्या आधीच्या. अक्षर माझे, जोडाक्षरांची घाई माझी, जिल्हा मी कधी बदललेला नाही, आणि राग मात्र मुलावर!

आमच्याच औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' वेधशाळा उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. चार-चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू पसरून ती अथांग आकाशातली सूक्ष्म थरथर हुडकणार आहे. आणि त्याच तालुक्यातला मी, माझ्या घरच्या यादीतली पहिली ओळ मला सापडू नये!

वाचकहो, शोधून काही न मिळणे आणि मुळात काही नसणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. यंत्र शून्य दाखवते ते एवढेच सांगते, की तुम्ही या जागी, या शब्दांत विचारलेले मला दिसले नाही. त्या शून्यावरून मुलाच्या मनात माया नाही, हा निकाल मी दिला. तो निकाल यंत्राचा नव्हता, माझा होता.

मी बंगळूरला फोन लावला. आमच्या घरात बापाने मुलाची माफी मागण्याची पद्धत नाही. त्यामुळे पहिले दोन मिनिटे मी तिकडच्या पावसाची चौकशी केली. शेवटी म्हणालो, "काकू पहिल्याच ओळीत आहे. मीच भलत्या पानावर होतो. चुकलो रे."

"बाबा, ऱ्हस्व 'पु' माझाही चुकलाच," तो म्हणाला. स्वयंपाकघरातून सौ.च्या बांगड्या वाजल्या. त्या दिवशी भाजीत मीठ बरोबर होते.

मग शिरड शहापूरला फोन केला. सगळा प्रकार ऐकून काकू पोटभर हसली.

"अरे लेकरा, दोन दिवस त्या डब्यात मला हुडकत बसलास? गल्लीत कोणालाही विचारलं असतंस तर सांगितलं असतं, घरीच आहे म्हणून!" आणि पुढे म्हणाली, "लग्नाची हळद मी कधीच दळून ठेवली आहे. पत्रिकेची वाट बघते होय मी?"

फोन ठेवल्यावर मी यादी उघडली. पहिल्या ओळीत 'पु' दीर्घ केला, दोन शब्दांमध्ये जागा सोडली, परभणी पुसून हिंगोली लिहिले. तुमच्याही घरात अशी यादी असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत तिच्यावरून एकदा फडके फिरवा. आणि त्यातूनही कोणी सापडले नाही, तर घरातल्यांवर आवाज चढवण्याआधी खालचे दुसरे पान उघडून पाहा.