मंडळी कोणाची?

परदेशी मिशनांच्या कार्याविषयी आपल्याकडे जो वाद चालतो तो बहुधा धर्मांतरितांच्या संख्येभोवतीच घुटमळत राहतो. परंतु नव्याने उभ्या राहिलेल्या मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, कारभार कोणाच्या हाती असतो आणि तिचा तनखा कोणाच्या खजिन्यातून येतो, हा अधिक मूलगामी प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोमंतकात ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, तेव्हा वाणी देशी झाली; सत्ता मात्र परकीच राहिली.

ही विसंगती ज्यांना तीव्रतेने सलली त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक अग्रगण्य होत. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाळ सेवा केलेल्या आणि अभंग-कीर्तनाच्या द्वारे ख्रिस्तभक्ती मराठी अंतःकरणात रुजविणाऱ्या या कवीने १९१७ साली मिशनच्या वेतनावर पाणी सोडले (आणि पगार सोडणे हे पद्य रचण्याहून अवघड, हे कोणीही चाकरमान्या सांगेल!) व बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा उभय ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. १९१९ साली ते निवर्तले. प्रयोग परिपक्व होण्यास अवधीच मिळाला नाही. त्यांची भजने मात्र मराठी चर्चमध्ये अद्यापि गाइली जातात.

आज एका प्रांतातील भारतीय उपदेशक दुसऱ्या प्रांतातील आदिवासी पाड्यांत मंडळ्या स्थापण्यास जातात. त्यांनी तरी पाळकाची निवड आणि जमाखर्चाची वही प्रारंभापासूनच स्थानिकांच्या स्वाधीन करावी.