घरातला अजगर आणि कागदावरची वंशावळ

सहारच्या विमानतळावर २०२३ च्या डिसेंबरात बँकॉकहून उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांचे आणि केकचे पुडे सापडले. पुडे फोडले तेव्हा त्यांतून नऊ 'बॉल पायथन' जातीचे अजगर आणि दोन 'कॉर्न स्नेक' निघाले. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ च्या ऑक्टोबरात, याच सहारच्या मालवाहतूक संकुलात महसूल गुप्तचर संचालनालयाने शोभेचे मासे म्हणून मलेशियाहून आलेली खोकी उघडली होती. त्यांत ६६५ प्राणी होते : अजगर, कासवे, सरडे, इग्वाना. पैकी ११७ मेलेले होते. अशा बातम्या आपण 'काय एकेक लोक असतात' असे म्हणून वाचतो आणि पान उलटतो. वस्तुतः त्यांत नवलाचे काही नाही. तस्कर हा अखेर व्यापारीच. गिऱ्हाईक असल्याखेरीज तो माल आणीत नाही. आणि अजगराचे हे गिऱ्हाईक जंगलात राहत नाही, ते महानगरात, तुमच्याआमच्यासारख्या गृहनिर्माण संस्थांतूनच राहते. तेव्हा पुड्यांत काय सापडले याहून, ते कोणासाठी आले आणि उद्या कोणत्या कागदावर ते कायदेशीर ठरले असते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

आपल्याकडचा अजगर पाळण्याचा प्रश्न कायद्याने केव्हाच निकालात काढला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसविले. त्याला पकडणे, बाळगणे, विकणे यांस आज तीन ते सात वर्षांची कैद आहे. उपनगरांतील जुन्या रहिवाशांना गारुडी आठवत असेल. नागाच्या टोपल्या खांद्यावर आणि अजगर पोत्यात. पोरांनी पाच-दहा पैसे दिले की त्याच्या अंगावरून हात फिरवू देई. तो गारुडी गेला. त्याची टोपली कायद्याने काढून घेतली, आणि सापाचे हाल पाहिलेला कोणीही ती काढून घेतली याबद्दल हळहळणार नाही. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीवरही न्यायालयाने निर्बंध घातले. मद्रासजवळच्या इरुळांचे नशीब त्या मानाने बरे. सापाच्या कातड्यांची निर्यात १९७६ मध्ये बंद झाल्यावर १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था निघाली आणि साप पकडण्याचे त्यांचे कसब विष काढण्याच्या कामी लागले. आमच्या गारुड्याला असे काही मिळाले नाही.

परदेशी अजगराची गोष्ट मात्र निराळी झाली. बॉल पायथन हा पश्चिम आफ्रिकेतला, चार-पाच फुटांचा, घाबरला म्हणजे चेंडूसारखी गुंडाळी करून बसणारा साप. तो विषारी नाही, सहसा चावत नाही, आठवड्या-दोन आठवड्यांनी एक उंदीर मिळाला की तृप्त असतो. सदनिकेत ठेवायला याहून सोयीचा साप मिळणे कठीण. आपला कायदा मुख्यतः देशी प्राण्यांचा असल्यामुळे अशा परदेशी प्राण्यांच्या बाबतीत तो पन्नास वर्षे जवळजवळ मुकाच राहिला. विमानतळाच्या दारातून माल सुटला की पुढे विचारणारा कोणी नव्हता. गारुड्याची टोपली गुन्हा ठरली आणि दिवाणखान्यातली काचपेटी छंद ठरली, हा भेद कोणी ठरवून केला असे नव्हे. पण तो झाला खरा.

मग २०२० च्या जूनमध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने स्वेच्छा प्रकटीकरणाची योजना काढली. तुमच्याकडे परदेशी प्राणी असेल तर सहा महिन्यांत सांगा. तो कोठून आला याचे कागद आम्ही मागणार नाही, असा तिचा मथितार्थ. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे वाचताना १९९७ ची उत्पन्नाची स्वेच्छा प्रकटीकरण योजना आठवल्याशिवाय राहत नाही. काळा पैसा सांगा, कर भरा, पुढे काही विचारणार नाही. तेव्हाही नियमाने कर भरणारा नोकरदार मनात चडफडला होता. आणि अशी सवलत पुन्हा मिळणार नाही असे बजावून झाल्यावरही २०१६ मध्ये नव्या नावाने ती आलीच. अभयदानाचा दोष असा की, एकदा ते दिले म्हणजे पुढच्याची वाट पाहणे हा शहाणपणाचा व्यवहार ठरतो. पैशाच्या योजनेत निदान कर तरी भरावा लागत होता. सापाच्या योजनेत तेवढेही नव्हते.

पुढे २०२२ ची दुरुस्ती आली, १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आणि 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय करारातील प्राणी आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत शिरले. २०२४ च्या फेब्रुवारीत नियम निघाले : असा प्राणी बाळगणाऱ्याने सहा महिन्यांत 'परिवेश' या संकेतस्थळावर नोंद करावी, जन्म, मृत्यू, हस्तांतर कळवावे. हे पाऊल स्वागतार्ह आहे यात शंका नाही. परंतु त्यात एक भगदाड राहिले आहे. साइट्सच्या पहिल्या परिशिष्टातील प्राण्यांची पैदास करायची तर परवाना लागतो. बॉल पायथन आहे दुसऱ्या परिशिष्टात. त्याच्या पैदाशीला तो परवाना लागत नाही, नोंदणीवर भागते.

याचा अर्थ काय होतो, हे शिधापत्रिकेच्या उदाहरणाने चांगले कळेल. बोगस शिधापत्रिका बहुधा हवेतून निर्माण होत नाही. खऱ्या पत्रिकेवर खोटी माणसे चढतात. एखाद्याकडे नोंदलेली एक मादी आहे. ती एका खेपेस साधारण चार ते दहा अंडी घालते. मालकाने यंदा आठ पिल्ले झाल्याचे कळविले. ती त्या मादीच्या पोटची आहेत की केकच्या पुड्यातून आलेली, हे नुसत्या नोंदीवरून कसे कळणार? पिल्ले दिसतात सारखीच. जिच्या स्वतःच्या उगमाची चौकशी कोणी केली नाही अशी मादी आता दुसऱ्यांच्या उगमाची ग्वाही देते. पकडला गेलेला माल बेकायदा राहतो; निसटलेला माल मात्र 'घरी जन्मलेला' होऊ शकतो. नोंदणीने चोरट्या व्यापाराला आळा बसावयाचा, त्याऐवजी त्याला जन्मदाखला मिळण्याची सोय झाली तर दोष कोणाला देणार?

माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मध्यंतरी विचारले, "सर, अजगराची घरीच पैदास झाली तर जंगलातून आणण्याची गरजच उरणार नाही. पुरवठा वाढला की किंमत उतरेल, तस्करी परवडणार नाही. मग त्यात वाईट काय?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि पाठ्यपुस्तकाप्रमाणे उत्तरही तेच येते. अडचण अशी की, ही बाजारपेठ साध्या अजगरावर चालत नाही, नावीन्यावर चालते. १९९२ मध्ये अमेरिकेत पांढऱ्या-पिवळ्या रंगाचा 'अल्बिनो' बॉल पायथन प्रथम बंदिवासात पैदा झाला, तेव्हापासून रंगांच्या आणि नक्षीच्या नव्यानव्या जाती काढण्याचा सपाटा सुरू आहे. नवी जात हजारो डॉलरला जाते. पैदास करणारे वाढले की काही वर्षांत ती मातीमोल होते आणि नव्या जातीचा शोध सुरू होतो. 'स्पायडर' नावाच्या जातीत तर नक्षीबरोबर तोल सांभाळण्यातला दोषही उतरतो. सापाची मान डुलत राहते, डोके सरळ धरता येत नाही. तरी ती विकली जातेच. पुरवठा वाढल्याने येथे भूक भागत नाही, उलट वाढते.

शिवाय ज्या धंद्यात जोडी विकत घेणारा पुन्हा जोड्याच विकणार असतो, त्याचा शेवट आपण २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबड्यांच्या प्रकरणात पाहिला आहे. अंडे किंवा मांस खाणारा कोणी नव्हता, सगळेच पुढच्या पाळणाऱ्याला विकणार होते. ज्या दिवशी पुढचा पाळणारा आला नाही त्या दिवशी शेडभर कोंबड्या आणि कर्ज मागे राहिले. कोंबडी निदान शिजवता तरी येते.

आणि जंगल वाचते म्हणावे, तर तेही पुरते खरे नाही. टोगो, घाना, बेनिन या देशांतून लाखो बॉल पायथन बाहेर गेले. तेथे त्याला 'पैदास केंद्र' म्हणतात. पण त्यांची रीत अशी की गाभण माद्या आणि अंडी रानातूनच आणायची, अंडी उबवायची आणि पिल्ले परदेशी पाठवायची. त्याच बेनिनमध्ये विदा गावी याच अजगरांचे देऊळ आहे आणि लोक त्यांना भक्तिभावाने जपतात. नागपंचमीचा देश असलेल्या आपल्याला हा विरोधाभास समजावून सांगण्याची गरज नाही.

आता उरला तो काळाचा हिशेब. छंद करणाऱ्याच्या ध्यानात तो सहसा येत नाही. बॉल पायथन बंदिवासात वीस-तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेतील सेंट लुई येथील प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आणलेल्या मादीने २०२० मध्ये, वयाच्या बासष्टीच्या घरात, सात अंडी घातली. तीही पंधराहून अधिक वर्षे नराचा सहवास नसताना. मुलुंडच्या मुलाने अकरावीत असताना हट्टाने घेतलेला साप मुलगा कॅनडाला गेल्यावरही घरात असतो. आईवडिलांना तो नको असतो, विकायला बाजार पडलेला असतो. कासवांच्या बाबतीत अशा वेळी काय होते ते आपण पाहिले आहे : अमेरिकेतली लाल कानाची कासवे हौसेने घेतली आणि वाढली की जवळच्या तळ्यात सोडली गेली. उपनगरात तर तळ्याबरोबर रानही हाताशी आहे. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरले आहे, आणि त्यात आपला देशी अजगर अजून नांदतो आहे. अमेरिकेत फ्लॉरिडाच्या दलदलीत सुटलेल्या ब्रह्मदेशी अजगरांनी तेथील रॅकूनसारखे प्राणी किती खाल्ले, ते २०१२ च्या अभ्यासात दिसले. काही भागांत रॅकून दिसण्याचे प्रमाण नव्याण्णव टक्क्यांनी घटले होते. बॉल पायथन एवढा धिप्पाड नाही, तो तसा धुमाकूळ घालील असे मी म्हणणार नाही. पण फ्लॉरिडात त्या अजगरांबरोबर फुप्फुसातला एक परजीवीही आला आणि तो तेथील देशी सापांत पसरला. रोगाला धिप्पाड असावे लागत नाही.

तेव्हा सरसकट बंदी घालावी काय? माझे मत तसे नाही. हजारो लोकांनी सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवून नोंदणी केली आहे. बंदी आली की तेच साप रातोरात उद्यानाच्या कुंपणापलीकडे जातील. पण बॉल पायथनच्या पैदाशीलाही परवाना असावा, आणि कळविलेल्या पिल्लांपैकी काहींची जनुकीय तपासणी करून आईशी नाते ताडून पाहावे. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रात वन्यप्राण्यांची अशी तपासणी होते. पुढची पिल्ले तपासली जाण्याची धास्ती असली तरी पुष्कळ फरक पडेल. दुसरे, विक्रीच्या वेळी प्रत्येक सापामागे अनामत रक्कम घ्यावी, आणि ती मालकाकडून नव्हे, विकणाऱ्याकडून. पुढे साप नको झाला, तर त्या रकमेतून त्याला ठेवून घेणारी जागा शासनाने चालवावी. आज अशी जागा नसल्यामुळे विमानतळावर पकडलेले सापही ज्या विमान कंपनीने आणले तिच्याच गळ्यात घालून परत बँकॉकला धाडावे लागतात. तेथून ते पुन्हा कोणत्या पुड्यात भरले जातात, याची नोंद कोणत्याही संकेतस्थळावर होत नाही.