डी ड्राइव्हला आहे ना!

मंडळी, आजचा शनिवार चिडचिडीचा आहे, आधीच सांगून ठेवतो.

आपल्याकडे कॉम्प्युटरच्या सगळ्या दुखण्यांवर औषध एकच. स्लो झाला? फॉरमॅट मार. व्हायरस आला? फॉरमॅट मार. प्रिंटर ऐकत नाही? बघू, नाहीतर फॉरमॅट मारू. समोरच्यानं भीत भीत विचारलं, "माझं काही जाणार नाही ना हो?" की ठरलेलं उत्तर येतं, "छे, डेटा डी ड्राइव्हला आहे ना!" हे वाक्य बोलणाऱ्या प्रत्येकाशी मला भांडायचं आहे. त्यात मीही आलो.

बाबा मिरजेला असतात. मराठीचे शिक्षक, आता निवृत्त. २०१४ पासून ते तिथल्या सतार-तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांच्या मुलाखती घेऊन टाइप करतात. टाइप करायला शिकले एका छापखान्यात, त्यामुळे सगळं जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. हे मशीन २०१९च्या दिवाळीत मीच लावून दिलं होतं. विंडोज १०, अपडेट, प्रिंटर, सीडीवरून फॉन्ट, त्यांच्या सवयीचा कीबोर्ड... सुट्टीचे दोन अख्खे दिवस गेले. फाइली कुठे ठेवायच्या? अर्थात डी ड्राइव्हला. शिवाय एक पेनड्राइव्ह. मी इंजिनियर ना!

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १०चा सपोर्ट संपला. बाबांनी मला त्रास नको म्हणून गल्लीतल्या दुकानदाराला बोलावलं. त्यानं सी फॉरमॅट करून ११ टाकलं आणि ते वरचं वाक्य बोलून गेला. खोटं नव्हतं, एकही फाइल गेली नाही. पण संध्याकाळी बाबांचा फोन. "अरे, फाइली आहेत, पण अक्षरं गेली रे."

ज्यांनी हे बघितलं नसेल त्यांच्यासाठी. या जुन्या फॉन्टमध्ये 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसतो. साठवलेलं असतं एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्याच्या जागी 'क'चं चित्र दाखवतो. फॉन्ट काढून घ्या, मुलाखतीच्या जागी रोमन कचरा दिसतो. फॉन्ट होता सी ड्राइव्हला. सीडी दोन घरं बदलताना गेली. आणि ज्यांच्या मुलाखती होत्या त्यातले काही कारागीर आता नाहीत.

आता भांडण. बॅकअप म्हटलं की आपल्याला फक्त फोटो आणि फाइली आठवतात. त्या उघडायला, वाचायला, छापायला जे लागतं ते लावायला दोन दिवस गेले होते, हे कुणी मोजत नाही. ऑफिसात सर्व्हरची इमेज घेतल्याशिवाय आपण पॅच लावत नाही. घरी मात्र नवीन सिस्टिम टाकली की पहिलं काम काय? वॉलपेपर बदलणं!

"रिस्टोअर पॉइंट असतो की." असतो, त्याच डिस्कवर. डिस्क गेली की तोही गेला. डी ड्राइव्हचंही तेच, बहुतेक घरांत सी आणि डी म्हणजे एकाच डिस्कवर आखलेल्या दोन खोल्या. लॅपटॉपबरोबर येणारं रिकव्हरी पार्टिशनही तिथेच. "रीसेट धिस पीसी आहे." त्यात फाइली ठेवा म्हटलं तरी आपण टाकलेले प्रोग्रॅम जातात. "सगळं क्लाउडवर आहे." फाइली असतील हो, पण बसवलेली सिस्टिम तिथे नाही. मायक्रोसॉफ्टनं सिस्टिम इमेजची सोय २००९ला विंडोज ७ बरोबर सगळ्यांना दिली आणि २०१७ला तिच्यावर काम थांबवून दुसरं सॉफ्टवेअर वापरा म्हणून सांगितलं. कंट्रोल पॅनेलमध्ये ती पुढेही 'विंडोज ७' या नावानंच पडून राहिली, माळ्यावरच्या ट्रंकेसारखी.

मी क्लोनझिला वापरतो. फुकट आहे, पेनड्राइव्हवरून बूट होतं, दिसायला १९९५चं वाटतं, पण काम चोख. विंडोज टाकायचं, अपडेट, ड्रायव्हर, फॉन्ट, कीबोर्ड, प्रिंटर, सगळं लावायचं. आणि स्वतःची मेल, पासवर्ड, फोटो आत यायच्या आधी इमेज घ्यायची. त्याच वेळी का? कारण तेव्हा सिस्टिम स्वच्छ असते आणि लहान असते. माझ्या मशीनवर ३४ जीबी भरले होते, इमेज झाली १९ जीबी. वेळ? चहा करून पिऊन होईपर्यंत. ती बाहेरच्या डिस्कवर ठेवायची आणि केबल काढून टाकायची. जोडून ठेवलेल्या डिस्कला रॅन्समवेअर सोडत नाही.

दोन गोष्टींत मी स्वतः ठेचकाळलोय. विंडोज ११च्या नव्या मशीनवर डिस्क एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू असतं. बिटलॉकरची ४८ अंकी की आधी कागदावर उतरवा, नाहीतर कुलूप तुमचं आणि बाहेर उभे तुम्हीच. दुसरं, इमेज परत टाकून बघा. माझी पहिली इमेज रिस्टोअरच होईना, कारण जुनी एसएसडी मूळ डिस्कपेक्षा लहान होती. हे रविवारी दुपारी कळलेलं बरं, सबमिशनच्या आदल्या रात्री नव्हे.

"सहा महिन्यांत इमेज जुनी होते," असं एक मित्र म्हणाला. होते की! मग तासभर अपडेट चालवायचे. दोन दिवसांपेक्षा तासभर मला परवडतो. आणि २०१९ची ती 'शिळी' इमेज असती तर ती दुसऱ्या डिस्कवर रिस्टोअर करून फॉन्टच्या फाइली उचलल्या असत्या.

असो. फॉन्ट शेवटी मिळाला, त्याच छापखान्यातल्या एका एक्सपीच्या मशीनवर. आवृत्ती थोडी वेगळी निघाली, काही जोडाक्षरं अजून चुकीची दिसतात. बाबा चष्मा लावून एकेक पान युनिकोडमध्ये उतरवतायत. मी जाऊन मशीन नीट लावलं, इमेज घेतली, त्यांच्यासमोर रिस्टोअर करून दाखवली. डिस्कवर त्यांनी शिक्षकी अक्षरात चिठ्ठी चिकटवली, "दुकानदारास देऊ नये", आणि ती गोदरेजच्या कपाटात आईच्या साड्यांखाली ठेवली.