बॅटरी घ्या, पण बियाण्यासारखी पारखून



कापूस विकून झाल्यावर मागच्या उन्हाळ्यात आम्ही गावातले सातजण कोकणात गणपतीपुळ्याला गेलो होतो. दर्शन झाले, देवळामागच्या डोंगराला प्रदक्षिणा झाली, समुद्र पाहून झाला. मुक्काम एका घरगुती खोलीवर होता. रात्री जेवून पलीकडच्या वाडीकडे निघालो तर घरमालक म्हातारबुवा आडवे आले. म्हणाले, "पावणे, हातात बॅटरी आहे ना? हा जांभ्याचा कातळ, इथे फुरसे असते. उजेड नसेल तर पाय बाहेर टाकू नका."

आम्ही सातजणांत तीन बॅटऱ्या निघाल्या. एकीतले सेल पाझरून आतला पत्रा हिरवा झालेला. दुसरी दोन थापा मारल्यावर पेटली आणि विझली. तिसरी नवीकोरी, बाजारात 'टॅक्टिकल' म्हणून मिळते ती. डोळे दिपतील अशी पेटली आणि दहा मिनिटांत मेली. शेवटी म्हातारबुवांचीच जुनी बॅटरी घेऊन निघालो.

आम्हाला लाज वाटली. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे इतके, की एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने ते मारणाऱ्याला इनाम लावले होते. इनामाने फुरसे संपले नाही. तिथला माणूस आजही पायापुढच्या उजेडावर भरवसा ठेवतो. पण फुरसे काय कोकणातच आहे? नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही आपल्या काळ्या रानात आहेत. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली. साप पाहायला सर्वात जास्त गरज ज्याला, त्याच्याच हातात सर्वात रद्दी बॅटरी, असा हा प्रकार आहे.

कोणी म्हणेल, मोबाईलमध्ये उजेड आहे की! आहे. पण साप चावलाच तर १०८ ला फोन करायला त्याच मोबाईलमध्ये चार्ज लागतो. तो रात्रभर रानडुकरे हाकताना जाळून टाकायचा का?

बॅटरी हे शेतीचे अवजार आहे. वखराची पास घेताना आपण लोखंड वाजवून पाहतो, बियाण्याची उगवण तपासतो. बॅटरी घेताना मात्र चकाकी पाहतो. टॅक्टिकल बॅटरी मुळात पोलीस आणि लष्करासाठी निघाली. त्यात मजबूत अंग, पाणी न शिरणे, शेपटाला एकच बटण हे गुण चांगले आहेत. उघडझाप करणारा झगमगाट आपल्या कामाचा नाही. लांब झोत ज्वारीच्या टोकाला शिरलेले डुक्कर दाखवतो, पण पायाशी पडलेले मातीच्या रंगाचे दीड फुटी फुरसे दाखवायला पसरट उजेड लागतो. त्याला शे-दोनशे ल्युमेन पुरतात. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. आणि "दहा तास चालते" असे लिहिले असेल तर हेही जाणून घ्या, की परदेशी मापाच्या रिवाजात उजेड दहा टक्क्यांवर उतरेपर्यंतचा सगळा वेळ त्यात मोजतात.

खरी गोम सेलमध्ये आहे. साधा सेल दीड व्होल्टचा. त्याचा उजेड हळूहळू मंदावतो, म्हणजे आधी इशारा देतो. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नका. जुना लवकर संपतो आणि पाझरतो. हंगाम संपला की सेल काढून ठेवा. आत हिरवे-पांढरे धरले तर कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

चार्ज होणाऱ्या लिथियम सेलवर १८६५० लिहिलेले असते, म्हणजे जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५. या मापाच्या चांगल्या सेलची ताकद साधारण ३५०० एमएएचपर्यंत असते. वेष्टनावर ९९०० लिहिलेले दिसले की समजा, दुकानदाराने नाही तर बनवणाऱ्याने आपल्याला गाढव समजले आहे. अस्सल सेल ४५-५० ग्रॅम भरतो. हातात फार हलका लागला तर ठेवून या. हा सेल सुटा खिशात चिल्लर-किल्ल्यांबरोबर टाकू नका, दोन्ही टोके जुळली की आग लागते. काही लिथियम बॅटऱ्या इशारा न देता एकदम बंद पडतात, म्हणून जोडीला दुसरा सेल हवाच. जुन्या शिशाच्या चार्जिंग बॅटरीचे वेगळे. ती रिकामी महिनाभर पडली की कामातून गेली.

पारख सोपी आहे. पेटवून तळहातावर आपटा. उजेड लुकलुकला तर परत द्या. आयपीएक्स-४ म्हणजे फक्त शिंतोडे झेलणारी, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकणारी. घरी पूर्ण चार्ज करून एक रात्र पेटती ठेवा आणि किती तास चालली ते लिहून ठेवा. हिशेब करा. धरा, दीडशेची बॅटरी वर्षात तीनदा घेतली तर साडेचारशे गेले आणि ऐन वेळी अंधार. तेवढ्यात चार-पाच वर्षे टिकणारी एक का घेऊ नये?

शेतकऱ्याने रात्री बांधावर जावे ही काही त्याची हौस नाही. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली. ज्यांच्या पंपाला दिवसा वीज आली त्यांचे ठीक, बाकीच्यांच्या रात्रपाळ्या सुटलेल्या नाहीत. ज्यांच्याकडे विहीरच नाही त्या कोरडवाहूवाल्याला रोही आणि डुकरांपायी जागल आहेच. दिवसा विजेची आणि जनावरांच्या बंदोबस्ताची मागणी सोडायची नाही. पण मागणी मान्य होईपर्यंत पाय अंधारात टाकायचा नाही.

आणि उजेड असूनही चावलाच, तर जखम कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला भाग न हलवता सरळ सरकारी दवाखाना गाठा. प्रतिविष तिथेच मिळते.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येकाने आपली बॅटरी बरोबर आणावी. संध्याकाळी दिवे मालवून सगळ्या एकदम पेटवू. किती विझतात ते मोजू, मग पुढचे बोलू.