स्वस्त क्रूझचा मुहूर्त: पंचांग नको, शाळेचं कॅलेंडर काढा



एप्रिल उजाडला की पार्सिपनीतल्या मराठी घरांत एकच चर्चा सुरू होते. आई-बाबा कधी येणार आणि आले की त्यांना कुठे न्यायचं? नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं. मग कोणीतरी म्हणतं, "या वेळी क्रूझ करू या." बॅगा एकदाच उघडायच्या, स्वयंपाक नाही, गुडघेदुखीवाल्यांना फार चालायला नको. आणि लगेच पुढचा प्रश्न, "पण स्वस्त कधी मिळते?"

याचं ठरलेलं उत्तर आहे: नवीन वर्षाची गर्दी ओसरल्यावरचा जानेवारी, लेबर डे नंतरचा सप्टेंबर-ऑक्टोबर आणि डिसेंबरचे पहिले दोन आठवडे. उत्तर अगदी बरोबर, पण शाळकरी मुलं असलेल्या घराला त्याचा काडीचा उपयोग नाही. तेव्हा शाळा चालू असतात, म्हणून तर ते दिवस स्वस्त! जहाज चालवायचा खर्च जुलैत आणि सप्टेंबरात फारसा बदलत नाही. बदलतं ते गिऱ्हाईक. केबिन रिकामी नेण्यापेक्षा कमी दरात दिलेली बरी, एवढंच त्यामागचं गणित.

पण अमेरिकेतल्या सगळ्या शाळा एकाच दिवशी उघडत नाहीत, आणि आपली संधी नेमकी तिथे आहे. जॉर्जिया, फ्लोरिडा, टेक्सासकडच्या बहुतेक शाळा ऑगस्टच्या पूर्वार्धातच सुरू होतात. आपल्याकडे, न्यू जर्सीत, त्या लेबर डेच्या सुमारास उघडतात. म्हणजे ऑगस्टचा शेवटचा आठवडा-दहा दिवस निम्म्या देशाची सुट्टी संपलेली असते आणि आपली मुलं मोकळी असतात. फ्लोरिडाहून सुटणाऱ्या जहाजांचे दर तेव्हा जुलैपेक्षा चांगलेच उतरतात. शिवाय आजी-आजोबाही बहुधा तेव्हा इथेच असतात.

अशीच दुसरी फट नोव्हेंबरच्या सुरुवातीला असते. शिक्षक संघटनेचं अधिवेशन अटलांटिक सिटीत भरतं, म्हणून न्यू जर्सीच्या शाळांना गुरुवार-शुक्रवार सुट्टी मिळते. काही ठिकाणी तर जवळजवळ आठवडाभर. बाकीच्या देशाला याची खबर नसते. मात्र ऑर्लँडोच्या विमानांना ती पक्की असते, तेव्हा तिकिटं आधीच पाहावीत. २०२६ साली दिवाळी ८ नोव्हेंबरला, म्हणजे याच सुमारास आहे. त्या वर्षी फराळ की क्रूझ, हे घरात आधी ठरवून घ्या!

आता फ्लोरिडा की बेयॉन? बेयॉनचं केप लिबर्टी हे बंदर २००४ पासून क्रूझसाठी वापरात आहे. २८० तर आपल्या पार्सिपनीतूनच सुरू होते. तिथून टर्नपाइक, एक्झिट १४ए, सुमारे तीस मैल. बेयॉनहून ऑगस्टअखेरीस दर फ्लोरिडाइतके उतरत नाहीत, कारण न्यूयॉर्क-न्यू जर्सीची मुलं अजून मोकळी असतात. पण आई-बाबा धरून सहा माणसांची विमानाची तिकिटं वाचतात. दोन्ही बेरजा कागदावर मांडल्याशिवाय "स्वस्त" म्हणू नका.

त्या बेरजेत टिपही धरा. बऱ्याच कंपन्या ती माणशी रोज लावतात, मुलांनाही. १८ डॉलर धरले तर चौघांचे सात रात्रींचे ५०४ डॉलर होतात. "मुलं फुकट" या जाहिरातीतही मुलांचे कर आणि बंदर शुल्क द्यावेच लागतात, आणि ती योजना ऐन सुट्टीत बहुधा लागू नसते. शेवटच्या क्षणी मिळणाऱ्या सवलतीवरही फार विसंबू नका. जगभरात क्रूझने जाणारे २०१९ मध्ये सुमारे २.९७ कोटी होते, ते २०२४ मध्ये ३.४६ कोटी झाले. चौघांची किंवा शेजारशेजारच्या दोन केबिनी आधी संपतात.

स्वस्ताईची एक किंमतही आहे. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्र शांत झाला म्हणून नारळ वाहतात. इथल्या अटलांटिकचं उलटं आहे. हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर आणि त्याचा कळस साधारण १० सप्टेंबरला. वादळ आलं तर कप्तान मार्ग बदलतो, आणि बर्म्युडा हुकला म्हणून भाडं परत मिळत नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी याचा जरूर विचार करावा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कागदपत्रं. आई-बाबांचा अमेरिकन व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, ते पाहा. कॅनडाची क्रूझ असेल तर भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो (ग्रीनकार्ड असेल तर नाही). एच-१बी वर असून पासपोर्टमधला शिक्का संपला असेल तर विशेष सांभाळा. तीस दिवसांच्या आत परत येण्याची सवलत एच-१बी ला फक्त कॅनडा-मेक्सिकोपुरती आहे, बहामा-बर्म्युडाला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी च्या एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली तेव्हा देशाबाहेर असलेल्यांची किती धावपळ झाली, हे आपण पाहिलंच. दोनशे डॉलर वाचवायला जाऊन नोकरी पणाला लागायला नको. शंका असेल तर तिकिटाआधी वकिलाला विचारा.

शेवटी एक मनातलं. मुलं मोठी होऊन कॉलेजला गेली की सप्टेंबरची स्वस्त क्रूझ आपल्याला सहज जमेल. पण तेव्हा आई-बाबांना वीस तासांचा विमानप्रवास झेपेल का? म्हणून सगळ्यात स्वस्त तारीख शोधण्यापेक्षा ज्या तारखेला तिन्ही पिढ्या जहाजावर असतील, त्यातली स्वस्त तारीख शोधा. शाळेचं कॅलेंडर आणि बाबांचं परतीचं तिकीट आज रात्री शेजारी ठेवून बघा. तारीख आपोआप सापडेल.

शुभ प्रवास!