शेगावची केसगळती : तुमचे केस गळत असतील, तर आधी तारीख आठवा

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांच्या डोक्याला खाज सुटू लागली. पाठोपाठ केस मुठीत येऊ लागले आणि काही दिवसांत अनेकांना टक्कल पडले. पुढे १८ गावांतील २७९ जणांची नोंद झाली. त्याचे व्हिडिओ पाहिलेले रुग्ण तासगावातही मला विचारतात, "डॉक्टर, माझे केस पाण्यामुळे गळतात का? की रेशनच्या गव्हामुळे?" उत्तरासाठी केस कसा वाढतो हे आधी समजून घ्या.

केस किती दिवसांनी गळतो?

डोक्यावरचा प्रत्येक केस साधारण २ ते ६ वर्षे वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. मग वाढ थांबते, केस सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. म्हणून रोज ५० ते १०० केस जाणे हा आजार नाही.

टायफॉइड, डेंग्यू, कोविड, बाळंतपण, ऑपरेशन किंवा एकदम कमी केलेले खाणे यांमुळे पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात. ते गळतात २-३ महिन्यांनी. तोपर्यंत ताप विसरलेला असतो आणि दोष शाम्पूवर जातो. ही गळती बहुधा आपोआप थांबते.

वाढत्या केसाच्या मुळावर थेट घाव बसला, तर मात्र केस काही दिवसांत किंवा आठवड्यांत जातात. कॅन्सरच्या औषधांनी हेच होते. काही विषारी धातूंनी आणि जास्त झालेल्या सेलेनियमनेही होते.

शेगावात काय दिसले?

तिथे वेगवेगळ्या घरांतील, वेगवेगळ्या वयांच्या लोकांचे केस एकाच सुमारास गेले. त्यामुळे सगळ्यांच्या पोटात जाणाऱ्या गोष्टीकडे बोट जाते. आधी संशय बुरशीवर आणि पाण्यावर होता. पाण्यात नायट्रेट जास्त निघाले, पण त्याने असे टक्कल पडत नाही. आयसीएमआरच्या पथकाने गावांत जाऊन नमुने घेतले.

विंचूदंशावरील कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही तपासण्या केल्या. त्यांच्या म्हणण्यानुसार रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले होते. रेशनच्या गव्हात ते स्थानिक गव्हाच्या सुमारे ६०० पट होते. हा गहू पंजाबकडून आलेला होता, असे त्यांनी सांगितले. पंजाबात होशियारपूर, नवांशहर भागातील काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हे पूर्वीपासून माहीत आहे. एप्रिल २०२५ मध्ये काहींची नखे गळू लागली. नख हळू वाढते, म्हणून त्यावरचा परिणाम उशिरा दिसतो.

सेलेनियम दाण्याच्या आत असते, गहू धुऊन ते जात नाही. पण ही केसगळती संसर्गजन्य नाही. तिथे लाजेने अनेकांनी डोके भादरले, मुलांनी शाळा चुकवली. अशा माणसाला दूर ठेवण्याचे काहीच कारण नाही.

मग तुम्ही काय करावे?

रेशनचा गहू फेकू नका. घरात सगळे तोच गहू खातात आणि केस एकट्याचेच विरळ होताहेत, तर कारण दुसरे शोधा. बायकांमध्ये रक्त कमी असणे आणि थायरॉइड या दोन तपासण्या आधी करून घ्या. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा म्हणजे बहुधा चाई. मुलाच्या डोक्यात खपल्या आणि तुटलेले केस असतील, तर बुरशी असू शकते. तिला पोटातून औषध लागते. दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने ती दबल्यासारखी वाटते आणि पसरते.

केसांच्या गोळ्यांचे लेबल वाचा. प्रौढांना दिवसाला सेलेनियमचे काही दशक मायक्रोग्रॅम पुरतात. ४०० ही वरची मर्यादा आहे. २००८ मध्ये अमेरिकेत एका पूरक औषधात चुकून फार जास्त सेलेनियम पडले आणि सुमारे २०० जणांना विषबाधा झाली. अनेकांचे केस गेले. म्हणून दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकत्र घेऊ नका.

मात्र आठवडाभरात झपाट्याने केस जात असतील, सोबत उलट्या, चक्कर किंवा नखांत बदल असेल, किंवा शेजारच्या दोन-तीन घरांत हेच दिसत असेल, तर थांबू नका. आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. घरातील धान्याचा थोडा नमुना बाजूला काढून ठेवा.

बाकी सर्वांनी दवाखान्यात येताना दोन गोष्टी कागदावर लिहून आणा : गळती कधी सुरू झाली, आणि त्याआधीच्या तीन महिन्यांत काय आजारपण, औषध किंवा खाण्यातला बदल झाला. निम्मे निदान त्यातच होते.